दर शनिवारी पाच लिटर

माझा खाऱ्या पाण्याचा टँक छोटा आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. आत दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, चार गोगलगायी, झोअँथिड या कोरलचे, म्हणजे प्रवाळाचे, दोन गठ्ठे आणि एक हॅमर कोरल. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर गेली नऊ वर्षं दर शनिवारी सकाळी मी त्यातलं पाणी बदलते; आता पाच लिटर काढते आणि पाच लिटर नवं घालते. पाणी किती दिवसांनी बदलायचं असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: आठवड्यातून एकदा, दहा टक्के. यातलं ‘आठवड्यातून एकदा’ डोळे मिटून घ्या. ‘दहा टक्के’ मात्र माझ्या टँकचे आहेत, तुमचे तुम्हाला मोजून काढावे लागतील.

टक्के काढायचे तर टँकमध्ये खरोखर किती पाणी मावतं हे आधी माहीत हवं. काचेच्या मापाने माझा टँक जवळपास ६५ लिटरचा. पण वरचे तीन सेंटिमीटर रिकामे असतात, तळाला वाळू आहे, मधे दगड रचलेत. पहिल्यांदा भरताना लिटरच्या मापाने मोजत पाणी ओतलं, ते ५० लिटरला थांबलं. तुमचं मोजायचं राहून गेलं असेल तर पाण्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा, हजाराने भागा आणि वाळू-दगडांचे म्हणून साधारण १५ टक्के वजा करा. मिठाचा, औषधाचा, सगळा पुढचा हिशेब या आकड्यावर करायचा, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर नाही.

नायट्रेट सांगेल तेवढं

माशांना घातलेलं खाणं माशांच्या पोटातून पुन्हा पाण्यातच येतं. त्यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, पण बॅक्टेरियांचा जम बसलेल्या टँकमध्ये ते टिकत नाहीत. नायट्रेट मात्र साठत जातं. दगडांच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे थोड्या नायट्रेटचा वायू होऊन ते उडून जातं, थोडं शेवाळ खातं. उरलेलं बाहेर काढायला बादलीच लागते. फॉस्फेटचंही तेच. शिवाय कोरल आपला सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेट) खर्च करत असतं. चार-पाच कोरल असलेल्या टँकमध्ये नव्या पाण्यातून ती झीज भरून निघते, वेगळं काही घालावं लागत नाही.

आठवड्याला किती नायट्रेट वाढतं ते असं काढा. पाणी बदलून झाल्यावर मोजा, पुढच्या शनिवारी बदलायच्या आधी पुन्हा मोजा, दोन्हीतला फरक लिहून ठेवा. हे तीन-चार आठवडे करा, कारण टेस्ट किटच्या रंगपट्टीवर एकाच वाचनाचा भरवसा धरता येत नाही. रंग दिवसाच्या उजेडात पाहा. किटमधली बाटली जितके सेकंद हलवायला सांगितली असेल तितके सेकंद घड्याळ लावून हलवा. अर्धवट हलवलेल्या बाटलीत नायट्रेट कमी दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो.

आता समजा आठवड्याला ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम) वाढतंय आणि तुम्ही १० टक्के पाणी बदलताय. नायट्रेट चढत चढत ४० वर जाऊन थांबेल, कारण ४० चे दहा टक्के ४. जेवढं आठवड्यात जमतं तेवढंच बाहेर जातं. २० टक्के बदललंत तर ते २० वर थांबेल. वाढीला बदलाच्या भागाने भागायचं, इतकंच हे गणित. मऊ कोरल आणि थोडे मासे असतील तर ५ ते २० च्या मधलं नायट्रेट मला चालतं.

पहिल्या वर्षी माझी वाढ आठवड्याला ४ होती आणि मी दर वेळी दहा लिटर उपसत होते. मग लक्षात आलं की खाणंच जास्त पडतंय. आता एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच घालते, आणि गोठवलेलं खाणं असेल तर ते वितळल्यावर छोट्या गाळणीत घेऊन धुते; त्याचं पाणी टँकमध्ये जाऊ देत नाही. फिल्टरचा कापूस दर तीन-चार दिवसांनी बदलते, कारण त्यात अडकलेली घाण टँकबाहेर गेलेली नसते, नुसती एका जागी गोळा झालेली असते. एवढ्यावर वाढ दीडवर आली आणि पाच लिटर पुरू लागले. बादली मोठी करायच्या आधी खाणं घालणारा हात आवरून पाहा.

उलटंही होतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येत असतील तर आणखी पाणी बदलून काही साधत नाही. कोरल फिके पडतात. वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, शेंबडासारखा थर चढायला लागतो. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव, आणि त्यांना असं धुऊन काढलेलं पाणी फार मानवतं. माझ्याकडे एकदा तो थर आला तेव्हा मी काही आठवडे पाणी बदलणं थांबवलं आणि खाणं थोडं वाढवलं.

‘दर आठवड्याला कशाला, महिन्यातून एकदा चाळीस टक्के बदललं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. चार वेळा दहा-दहा टक्के बदललं तर जुन्या पाण्यातलं ३४ टक्के निघतं, एकदम चाळीस बदललं तर ४०. फरक सहा टक्क्यांचा. पण दहा टक्क्यांत नवं पाणी थोडंफार वेगळं असलं तरी टँकला ते जाणवत नाही. नव्या पाण्याची अल्कलिनिटी ११ डीकेएच (हे तिचं एकक) आणि टँकची ८ असेल, तर दहा टक्क्यांच्या बदलाने ती ८.३ होते आणि अर्धं पाणी बदललं तर एकदम ९.५. मोठ्या टँकमध्ये शेकडो लिटर पाणी आपली चूक पोटात घेतं. ५० लिटरांत ते होत नाही. म्हणून छोट्या टँकला छोटा बदल, आणि वार चुकवायचा नाही.

उडालेलं पाणी वेगळं, बदललेलं वेगळं

यात नवीन माणसाची सगळ्यात जास्त गफलत होते. टँकमधून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून रोज जी पातळी उतरते ती गोड्या पाण्यानेच भरायची, तेही शुद्ध आरओ-डीआय पाण्याने, म्हणजे पडदा आणि रेझिन दोन्हीतून गाळून क्षार काढलेल्या. पाणी बदलताना मात्र जेवढं खारं काढलं तेवढंच खारं घालायचं. आणि रोज पाणी भरतो म्हणून पाणी बदलायची गरज नाही, असं मुळीच नाही. भरण्याने आतलं नायट्रेट जराही बाहेर जात नाही.

माझ्या टँकची पातळी एक सेंटिमीटर उतरली की १.८ लिटर पाणी गेलेलं असतं आणि सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ च्या पुढे सरकते. मी मागच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची बारीक रेघ लावली आहे. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी. उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर लागतं, एरवी अर्धा-पाऊण.

तिसऱ्या वर्षी मी आठवडाभर बाहेरगावी गेले होते. मुलीला सांगून गेले, ‘रोज कॅनमधलं पाणी रेघेपर्यंत घाल.’ टँकखालच्या कपाटात दोन सारखे पांढरे कॅन होते, एकात गोडं पाणी, एकात कालवलेलं खारं. तिने पुढचा कॅन घेतला आणि सात दिवस मन लावून अगदी रेघेपर्यंत पाणी घातलं. पुढचा कॅन खाऱ्याचा होता. सात लिटर खारं पाणी म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास मीठ, ५० लिटरांत. सॅलिनिटी ४० ला टेकली होती.

मला हे माहीत नव्हतं. परत आले तर काच तपकिरी झालेली, पाणी मळकट. मी न मोजता २५ लिटर पाणी काढलं, घाईघाईने तासभर कालवलेलं २५ लिटर नवं पाणी घातलं आणि झोपले. पंधरा मिनिटांत सॅलिनिटी ४० वरून साडेसदतीसवर आली. सकाळी दगडाखाली कोळंबी आडवी दिसली. आधी वाटलं, कात टाकली असेल. कोळंबी दर काही आठवड्यांनी अख्खी कात टाकते आणि ती हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते. पण कात पोकळ असते, चिमट्यात धरली तर वजन लागत नाही. ही जड लागली. हॅमर कोरल दहा दिवस आत ओढून बसलं होतं.

त्यानंतर मोजलं, ३७.५ आलं, आणि उलटा हिशेब केल्यावर सगळा उलगडा झाला. मुलीची यात काहीच चूक नव्हती, कॅनवर मी काही लिहिलंच नव्हतं. आता खाऱ्या कॅनला लाल पट्टी गुंडाळलेली असते, तो कॅन दुसऱ्या कपाटात राहतो, आणि टँकमधली सॅलिनिटी मोजल्याशिवाय मी एक मगही पाणी काढत नाही. ती चढलेली किंवा उतरलेली सापडली तर दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त हलवत नाही. माशांना त्याहून थोडा मोठा फरक सोसतो, कोळंबी आणि गोगलगायींना नाही.

नवं पाणी

मी शुक्रवारी संध्याकाळी पाणी कालवते. आरओ-डीआय पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य आल्याशिवाय मीठ घालत नाही. घरातलं पिण्याचं आरओ यंत्र यासाठी पुरत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं किंवा थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, कधी तांबंही, आणि कोळंबी-गोगलगायींसाठी तांबं विषच. सिलिकेट आणि फॉस्फेट असेल तर काचेवरचा तपकिरी थर हटता हटत नाही. स्वयंपाकाच्या मिठाने हे पाणी होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही असतं. रीफ टँकसाठी, म्हणजे कोरलच्या टँकसाठी, मिळतं तेच मीठ घ्या.

बादलीत आधी पाणी, मग मीठ. उलटं केलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन बसतं, आणि ते नंतर विरघळत नाही. माझ्या मिठाला लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं, पाच लिटरला १८५. मापाच्या चमच्याऐवजी वजनकाटा वापरा. मीठ दमट झालं की चमच्याचं माप चुकतं. मिठाची पिशवी उघडायच्या आधी आडवी लोळवून घेते, कारण जड-हलके कण वेगवेगळ्या थरांत बसलेले असतात. बादलीत छोटा पंप आणि हीटर रात्रभर चालू असतो. सकाळी पाणी काचेसारखं नितळ दिसलं पाहिजे.

मग तीन गोष्टी जुळवते: सॅलिनिटी ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तापमान टँकच्या एका अंशाच्या आत. आणि महिन्यातून एकदा, शिवाय मिठाची नवी पिशवी उघडली की, अल्कलिनिटी. काही मिठांची अल्कलिनिटी ११-१२ येते, समुद्राची ७ च्या आसपास असते. तुमच्या टँकच्या आकड्याजवळचं मीठ निवडलंत तर अर्धी काळजी मिटते. सॅलिनिटी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं त्याने तो लावून घ्या. मी महिन्यातून एकदा लावते.

कालवलेलं पाणी झाकून ठेवलं तर काही दिवस चांगलं राहतं, पण खूप दिवस ठेवलं की काही मिठांचा पांढरा थर बादलीला धरू लागतो. मी आठवडा-दोन आठवड्यांत संपवते.

शनिवारची सकाळ

आधी रेघेपर्यंत गोडं पाणी घालते, अर्धा तास थांबते, मग सॅलिनिटी मोजते. पाणी उतरलेलं असतानाच मोजलं तर आकडा खोटा चढा येतो.

मग हीटर, पंप आणि आपोआप पाणी भरणारं यंत्र असेल तर तेही, सगळं प्लगपासून काढते. हीटर पाण्याबाहेर उघडा पडून तापला तर त्याची काच तडकते. तो बंद केल्यावरही दहा मिनिटं जाऊ देते. वायरींना भिंतीच्या प्लगखाली झोळ हवा, म्हणजे ओघळ आला तर खाली ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

या दहा मिनिटांत काच घासते, म्हणजे खरवडलेलं शेवाळ काढायच्या पाण्याबरोबर जातं. ड्रॉपरने दगडांवर फुंकर मारते. कोपऱ्यांतून राखेसारखा गाळ उठतो. मग नळी. नळी तोंडाने ओढू नका. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं, ते पाण्यात उतरलेलं असलं तर तोंडातून थेट पोटात. हाताने दाबायचा फुगा लावलेली नळी वापरा, किंवा नळी पाण्यात बुडवून भरून घ्या आणि टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढा. हातावर जखम असेल तर हातमोजे.

वाळू अख्खी उपसत नाही. दर वेळी एक चौथाई, महिन्यात सगळी होते. नळीचं तोंड वाळूत सेंटिमीटरभर रोवलं की दाणे आत उसळतात, गाळ वर जातो, दाणे खाली पडतात. वाळू चार-पाच बोटं जाड असेल आणि वर्षानुवर्षं हललेली नसेल तर खोल खुपसू नका, तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. काढलेल्या पाण्यातच फिल्टरचे स्पंज आणि सिरॅमिक रिंगा खळबळून घेते. नळाखाली धुतल्या तर त्यांच्यावरचे बॅक्टेरिया मरतात.

नवं पाणी ओतत नाही. बादली उंचावर ठेवून बारीक नळीने सोडते, पाच लिटरला पंधरा मिनिटं लागतात. पाण्याची धार काचेवर, कोरलवर नाही. हॅमरच्या फुगलेल्या टोकांकडे बघत बसायची ही वेळ. पाणी जुळलेलं असेल तर ती टोकं जराशी आखडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा फुगतात. दुपारपर्यंत मिटलेलीच राहिली तर मी तापमान आणि सॅलिनिटी पुन्हा मोजते. शेवटी पंप, पाणी नीट फिरायला लागलं की हीटर, आणि वहीत एक ओळ: तारीख, सॅलिनिटी, नायट्रेट, किती लिटर.

वार मोडायची वेळ

नवीन टँक सायकल होत असताना, म्हणजे त्यात बॅक्टेरिया जम बसवतात ते पहिले चार ते सहा आठवडे, आत मासे नसतील तर पाणी बदलायची घाई करू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणायच्या आधी एकदा ३० ते ५० टक्के बदला, त्यात साठलेलं नायट्रेट निघतं. मग वार धरा. पहिला मासा आल्यावर महिनाभर अमोनिया दर दोन दिवसांनी मोजा.

नुसते मासे असतील आणि नायट्रेट चढत नसेल तर पंधरा दिवसांनी १५-२० टक्के बदललं तरी चालतं. मात्र कठीण सांगाड्याचे कोरल भराभर वाढू लागले तर आठवड्याचे दहा टक्केही कॅल्शियम आणि अल्कलिनिटीला पुरत नाहीत. तिथे बादली मोठी करण्यापेक्षा त्या दोन्ही गोष्टी रोज थोड्या थोड्या वेगळ्या घालाव्या लागतात.

संकटातला बदल मोठाच असतो. दगडामागे मासा मरून राहिला, खाण्याचा डबा सांडला, वास येऊ लागला, अमोनिया दिसू लागला, तर ३० ते ५० टक्के लगेच. घाई कितीही असली तरी तापमान आणि सॅलिनिटी जुळवल्याशिवाय पाणी आत जाऊ देत नाही. यासाठीच माझ्याकडे १५ लिटर कालवलेलं पाणी नेहमी झाकून तयार असतं. शनिवारी त्यातलं पाच वापरते, शुक्रवारी पाच नवं भरलेलं असतं. मेलेला जीव आधी बाहेर, मग पाणी, मग फिल्टरमध्ये ताजा कार्बन. त्या दिवशी खाणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया पुन्हा मोजायचा, आणि शून्य आला नाही तर आणखी २० टक्के.